कुलूप नसलेली ‘ओळ’

माझ्या दुकानाला कुलपं दोन होती. एक शटरला आणि दुसरं कॉम्प्युटरच्या पाठीला. शटरचं हरवलं तर शेजारचा वेल्डिंगवाला येऊन तोडून देई आणि वर चहा पिऊन जाई. पाठीमागचं हरवलं तर पुण्याला ट्रंककॉल लावावा लागे आणि तिकडचा माणूस पहिल्यांदा विचारी, “मॅडम, बिल जपून ठेवलंय ना?”

आता ही पाठीमागच्या कुलपाची भानगड आजच्या पोरांना सांगितली तर ती माझ्याकडं संशयानं बघतात. म्हणून आधी नीट सांगते. त्या काळी मराठी टायपिंगचा प्रोग्राम विकत घेतला की फ्लॉप्यांसोबत काडेपेटीएवढा एक ठोकळा मिळायचा. तो प्रिंटरच्या वायरीच्या तोंडाशी, कॉम्प्युटरच्या मागं खोचायचा. आम्ही त्याला लॉक म्हणत असू. लॉक जागेवर असेल तर प्रोग्राम उघडणार, नसेल तर पडद्यावर एक इंग्रजी ओळ येऊन काम बंद. म्हणजे पैसे आम्ही मोजलेले, कर्ज आमच्या नावावर, आणि रोज सकाळी आपण चोर नाही हे त्या ठोकळ्याला दाखवून मगच कामाला लागायचं. मला त्याचा राग यायचा. पण प्रोग्राम चांगला होता, अक्षर सुबक होतं, हेही खरं.

मी मूळची उमरीची. वडील रेल्वेत गँगमन. नांदेडला टायपिंग शिकले, लग्न होऊन लातूरला आले, आणि बसस्टँडच्या मागच्या गल्लीत टायपिंगचं दुकान टाकलं. पुढं टाइपरायटर फळीवर गेला आणि टेबलावर कॉम्प्युटर आला. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराची पत्रकं, भाडेकरार, राजीनामे, आणि कॉलेजातल्या प्राध्यापकांचे प्रबंध, असं सगळं मी आयुष्यभर दुसऱ्यांचं लिहिलं. स्वतःचं लिहायची ही पहिलीच वेळ आहे, त्यामुळं कुठं मार्जिन सुटलं तर सांभाळून घ्या.

भूकंप झाला तेव्हा दुकानाची मागची भिंत तडकली आणि फळी निखळली. फळीवरचा जुना टाइपरायटर बरोबर कॉम्प्युटरच्या पाठीवर येऊन पडला. इतकी वर्षं माझ्याकडं नोकरी केलेला तो, जाता जाता सवतीचा सूड घेऊन गेला. कॉम्प्युटर वाचला, लॉकचा मात्र चुरा झाला.

तिकडं किल्लारीच्या बाजूला गावंच्या गावं झोपली होती. आपल्या लॉकचं दुःख करण्याचे ते दिवस नव्हते. पण मदतकेंद्रातून माणसं यायला लागली. कोण गेलं, कोण दवाखान्यात, कोणत्या पत्र्याच्या शेडात कोणतं घर, या याद्या मराठीत हव्या होत्या, आणि रोज बदलत होत्या. मी पुण्याला फोन लावला. माणूस फार नम्र होता. त्यानं आधी माझ्या घरच्यांची चौकशी केली, मग सांगितलं की भूकंपानं मोडलेलं लॉक बदलून द्यायची सोय नाही, नवीन प्रोग्राम घ्यावा लागेल. शेवटी “काळजी घ्या” म्हणाला. मी काय घेणार होते ते मलाच माहीत.

दोन-तीन दिवसांनी नांदेडहून चादरी घेऊन आलेल्या ट्रकबरोबर एक प्राध्यापक आले होते. माझी अडचण ऐकून त्यांनी शबनममधून एक फ्लॉपी काढली. “आमच्याकडच्या एका सरांनी घरी बसून केलंय. ‘ओळ’ म्हणतात. चालतंय का बघा.”

चाललं. लॉक नाही, बिल नाही, काही नाही. सुरुवातीला पडद्यावर मजकूर आला: “नमस्कार. हा प्रोग्राम मी घरी तयार केला आहे. महिनाभर वापरून पाहा. उपयोग झाला नाही तर पुसून टाका. उपयोग झाला तर खालील पत्त्यावर पैसे पाठवा. मित्रांनाही द्या आणि त्यांनाही हेच सांगा.” खाली नाव होतं, म. वि. पाठक, निवृत्त गणित शिक्षक, नांदेड. मी कळ दाबली आणि याद्यांना लागले.

या पद्धतीला शेअरवेअर म्हणतात हे मला नंतर कळलं. परदेशात बऱ्याच जणांनी असे प्रोग्राम केले होते. उदगीरच्या मोंढ्यात व्यापारी तुरीची वानगी दाखवतो, मूठभर दाणे हातावर घेऊन, चावून बघून मग भाव ठरतो. शेअरवेअरवाला अख्खं पोतं तुमच्या ओसरीवर ठेवून घरी निघून जातो. पोतं फुकट नसतं. फक्त पैसे मागायला दारात कुणी उभं नसतं.

महिनाभरानं असेल, किल्लारीकडची सोजरबाई दुकानात आली. तिचा धाकटा मुलगा पाय मोडून लातूरच्या सरकारी दवाखान्यात होता. बाकी घर गेलं होतं. नवरा, थोरला मुलगा, सून, दोन नातवंडं.

“बाई, माज्या माणसांची नावं छापून दे,” ती म्हणाली.

मी म्हटलं, “मावशी, यादीत आहेत ती सगळी. मीच टाइप केलीत.”

“ती यादी सायबाच्या फायलीत ऱ्हायली. मला माज्या डोळ्याम्होरं पायजेत. शेडाच्या पत्र्याला लावीन.”

नावं सांगा म्हटल्यावर ती मुलाचं, सुनेचं, नातवंडांचं सांगून गप्प बसली. नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून येईना. तो गेला तरी तिच्या तोंडी ते येणार नव्हतं. मग मीच यादी उघडली आणि वाचलं, “किसन?” तिनं मान हलवली.

मोठ्या अक्षरात पाच नावं काढली. तिला वाचता येत नव्हतं. “कंचं नाव कुटं हाय तेवढं दाव, मी ध्यानात ठिवते,” म्हणाली. मी दाखवत गेले, ती प्रत्येक नावावर बोट ठेवत गेली. मग कनवटीला हात घालून विचारलं, “किती झालं?”

“राहू द्या मावशी.”

ती रागावलीच. “महिना झाला, समदं फुकट चाललंय. चादर फुकट, भात फुकट, डबा फुकट. हात म्होरं करून करून लाज वाटून राहिली मला. येवढं तरी इकत घेऊ दे की.”

मी पैसे घेतले. ती कागदाची सुरळी पदराखाली धरून गेली. मला खूप रडू आलं. ती गेल्यावर मी पुन्हा ‘ओळ’ चालू केली, सुरुवातीचा मजकूर पहिल्यांदाच शेवटपर्यंत नीट वाचला आणि पोस्टात जाऊन पाठक सरांना मनीऑर्डर केली.

त्यांचं कार्ड आलं. “आपली मनीऑर्डर मिळाली. आपण पहिल्या. नांदेडला आलात तर जरूर या.” पहिल्या म्हणजे काय हे मला आधी कळलंच नाही.

माहेरी गेले तेव्हा वाट वाकडी करून त्यांच्याकडं गेले. सर सडपातळ, पांढरा लेंगा-शर्ट घातलेले. बसायच्या आधीच विचारू लागले, रफार कुठं अडतो, जोडाक्षराला कोणती कळ दुखते, अपूर्णांक नीट बसतो का. प्रत्येक अक्षर त्यांनी आधी चौकटीच्या वहीवर काढलं होतं, चौकट काळी की पांढरी असं ठरवून. काकू पोहे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही त्या मनीऑर्डरवाल्या का? बरं झालं बाई आलात. पोस्टमन पुढं निघून गेला की हे फाटकापर्यंत जाऊन त्याची पाठ बघायचे.”

“अगं, लोक विसरतात,” सर म्हणाले.

“सगळेच विसरतात का हो?” काकूंनी विचारलं.

मीही विचारलं, सर, तुम्ही लॉक का लावत नाही? ते म्हणाले, “मला येत नाही असं नाही. पण वर्गात पेपरच्या वेळी मी कधी पोरांच्या डोक्यावर उभा राहिलो नाही. खुर्चीवर बसून पुस्तक वाचायचो. काहींनी कॉपी केली असेल. बाकीच्यांनी केली नाही ना?” यावर काकूंनी माझ्याकडं बघून कपाळाला हात लावला. त्या घरात हा वाद बराच जुना असावा. मी मात्र सरांच्या बाजूला गेले आणि तिथंच राहिले.

नंतरच्या वर्षांत लातूर बदललं. भिंतींचे तडे बुजले आणि त्यांवर क्लासेसच्या पाट्या लागल्या. आमच्या गल्लीतली किराणा दुकानं जाऊन खोल्या-खोल्यांत बाकं आली. जिल्ह्या-जिल्ह्यांतून पोरं येऊन पडली, त्यांच्या मागं खानावळी आल्या, सायकली आल्या. दर रविवारी चाचणी, आणि प्रत्येक चाचणीला प्रश्नपत्रिका. पाठक सर गणिताचे, त्यामुळं ‘ओळ’मध्ये वर्गमूळ, अपूर्णांक, घातांक हे सगळं मराठीच्या रांगेत निमूट बसायचं. महागड्या लॉकवाल्या प्रोग्रामात तेच कसरत करून बसवावं लागे. शहरभर क्लासेसचे पेपर ‘ओळ’वर निघू लागले, आणि त्यातल्या निम्म्या लोकांना फ्लॉपी माझ्याच हातून गेलेली. प्रत्येकाला मी बजावून सांगायची, सरांना पैसे पाठवा. प्रत्येक जण म्हणायचा, हाव ताई, पाठवतो की.

एके दिवशी सरांचं कार्ड आलं. लॉकवाल्या कंपनीनं ‘ओळ’ विकत मागितली होती. अट अशी, की इथून पुढं तिला लॉक लागेल, सर स्वतः कुणाला फुकट देणार नाहीत, आणि तो सुरुवातीचा मजकूर जाईल. सरांनी लिहिलं होतं, “दसऱ्यापर्यंत कळवायचं आहे. सही करावी असं वाटू लागलं आहे.”

मी फोन केला. ते म्हणाले, “विमलताई, पेन्शन आहे, पोरगं कमावतं, पैशाची नड नाही हो मला. पण आपण केलं ते कुणी पैसे देऊन घेण्याजोगं आहे का, हे एकदा कळायला पाहिजे. कंपनी तरी तसं म्हणून राहिली. बाकी कुणी म्हणत नाही. तुमची काकू म्हणते तेच खरं असेल, सगळेच काही विसरत नसतात.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच मला लागलं. ‘ओळ’ला लॉक लागलं की तालुक्या-तालुक्यातले माझ्यासारखे लोक उघड्यावर पडणार होते ते वेगळंच. पण सरांनी स्वतःच्या हातानं ते कुलूप लावावं, हे मला बघवणार नव्हतं.

मी पदर खोचून वसुलीला निघाले. पहिले बिराजदार सर. यांच्या भौतिकशास्त्राच्या क्लासला तेव्हा उभं राहायला जागा मिळत नसे. माणूस दिलदार, माझी मोठी गिऱ्हाइकी त्यांची. मी विषय काढला तर ते बुचकळ्यात पडले.

“‘ओळ’चे पैसे? बाई, तुम्ही बी काय बोलून राहिलात? ते तर दिलेत की तुम्हाला.”

“मला? कधी?”

“मागच्या दिवाळीला साडी दिली न्हाई का? मंडळी स्वतः पसंत करून आली. फ्लॉपीच्या बदल्यात फूल न फुलाची पाकळी म्हणून.”

मला वाटलं होतं, साडी दिवाळीची आहे. मी उदगीरच्या हणमंतला फोन केला. तो तिथला टायपिंगवाला, त्यालाही ‘ओळ’ मीच दिलेली. तो म्हणाला, “ताई, तूरडाळ पोचली न्हाई का तुम्हाला? पोत्यावर नाव घालून एस्टीत टाकली होती.” डाळ पोचली होती. आम्ही ती खाल्लीही होती. हणमंतनं पुढं देगलूरच्या मित्राला फ्लॉपी दिली, त्या मित्रानं याला कोंबडीचं जेवण घातलं. त्यानं आणखी कुणाला दिली, तिथून पेढे आले.

मला हसावं का रडावं कळेना. कुणी बुडवलं नव्हतं. उपकार कुणी अंगावर ठेवला नव्हता. ज्याच्या हातून वस्तू आली त्याचे हात प्रत्येकानं भरले होते. आमच्याकडं रीतच तशी आहे. लातूरपासून देगलूरपर्यंत ‘ओळ’ची फेड चोख झाली होती, एक पाठक सर सोडून. त्यांचं तोंडच कुणी पाहिलं नव्हतं. पडद्यावरच्या नावाचं आपण देणं लागतो ही गोष्ट आमच्या अंगवळणी पडलेली नव्हती, एवढंच.

मग मी ठरवलं, तोंड दाखवायचं. बिराजदार सरांना सांगितलं, पाठक सर लातूरला येतील, सगळ्यांना ‘ओळ’ नीट शिकवतील, क्लासचा हॉल द्या. ते लगेच तयार झाले. सरांना मी सांगितलं, सही करायच्या आधी एकदा तुमचे लोक तर बघा.

लोक आले, आणि भरपूर आले. टायपिंगवाले, क्लासवाले, झेरॉक्सवाले, शाळांचे क्लार्क. सरांनी खडू हातात घेतला आणि तीन कळांत वर्गमूळ कसं काढायचं ते शिकवलं. सगळा हॉल पोरांसारखा मान डोलवत होता. शेवटी सरांनी, नजर खडूवर ठेवून, एवढंच म्हटलं, “उपयोग होत असेल तर तो सुरुवातीचा मजकूर एकदा वाचावा.”

टाळ्या पडल्या. मला वाटलं, जमलं.

बिराजदार सर उठले, म्हणाले, “एवढा मोठा माणूस आपल्यात आला, खाली हातानं कसा जाईल?” आणि सत्कार सुरू झाला. शाल, श्रीफळ, हार. बिराजदार सरांची शाल, झेरॉक्सवाल्यांच्या संघटनेची शाल, हणमंतनं उदगीरहून आणलेली शाल. आधी कुणी आणली नव्हती ते मधेच उठून बाजारात जाऊन घेऊन आले. भाषणं झाली. एकानं सरांना संत म्हटलं. सर एका शालीवर दुसरी शाल घेत, लातूरच्या उकाड्यात घामानं भिजत, सगळ्यांना नमस्कार करत होते. कुणीही पत्ता लिहून घेतला नाही, कुणीही खिशात हात घातला नाही. सगळ्यांच्या तोंडावर मात्र, देणं फिटल्याचं समाधान होतं. ते खोटं नव्हतं.

सर रात्री आमच्याकडं राहिले. सकाळी बसला वेळ होता म्हणून दुकानात येऊन बसले. पायाशी शालींचं बोचकं, पिशवीत नारळ. त्यांनी शर्टाच्या खिशातून कंपनीचे कागद काढले आणि माझ्याकडं पेन मागितलं.

“सर, थोडं थांबा ना,” मी म्हटलं.

“लोक वाईट नाहीत विमलताई, काल बघितलंच की. फार मान दिला.” ते शालींकडं बघून हसले. “पण विकत घ्यावं असं काही ते समजत नाहीत याला. मलाच उमगलं नव्हतं. द्या पेन.”

मी पेन शोधायचं सोंग करत होते, तेवढ्यात सोजरबाई आली. कडेवर तान्हं बाळ. मधल्या काळात ती पत्र्याच्या शेडातून नव्या वसाहतीतल्या घरात गेली होती. पाय मोडलेला तो मुलगा बरा झाला, त्याचं लग्न झालं, आणि ही त्याची मुलगी. सोजरबाईनं सुरळी सोडून मी काढून दिलेला जुना कागद टेबलावर ठेवला. कडा झिजल्या होत्या, डाग पडले होते.

“हिचं नाव काडून दे. कोमल. पर ह्या कागदावर नगं, जितं माणूस मेलेल्यांच्यात नगं. येगळा कर, शेजारी लावीन. अन् अक्षर ह्येच पायजे बरं का. तिकडं गावात येकानं काडून दिलं व्हतं, मला वळखूच येईना ते.”

मी ‘ओळ’ उघडली आणि नाव काढलं. प्रिंटरमधून कागद येताच तिनं तो जुन्या कागदाजवळ धरला. इकडून तिकडं बोट फिरवलं. मग थांबली.

“ह्यो,” तिनं ‘कोमल’मधल्या ‘को’वर बोट टेकवलं, आणि दुसरं बोट जुन्या कागदावरच्या ‘किसन’वर. “ह्यो माज्या मालकाच्या नावातला हाय. व्हय ना?”

सर उठून उभे राहिले. “हो. ‘क’ आहे तो.”

“हे कोण?” तिनं मला विचारलं.

“ही अक्षरं यांनी काढलीत मावशी. हे सगळं यांनीच केलंय.”

सोजरबाईनं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. “तुमी काडलीत व्हय? समदी?”

“सगळी,” सर म्हणाले.

“आन् मी आपली बाईला पैसं देऊन राहिले.” तिनं माझ्यापुढं ठेवायला काढलेलं पाचाचं नाणं मागं घेतलं. मला म्हणाली, “तुजं कागदाचं येगळं सांग, ते देते.” आणि नाणं सरांच्या हातावर ठेवलं.

“अहो, राहू द्या हो.” सरांच्या तोंडून सवयीनं गेलं.

“ऱ्हाऊ द्या कसं? काम केलंय न्हवं तुमी? का फुकटचं घ्यावं म्या?”

सरांनी नाण्यावर उजवी मूठ मिटली. मग खाली वाकून बोचक्यातली एक शाल काढली. “ही बाळाला देऊ का?”

सोजरबाई विचारात पडली. मला वाटलं, आता हिचंही मोल करते की काय. पण ती म्हणाली, “बाळाला आहेर देतासा? मंग घेते. बाळाच्या आहेराला न्हाई म्हणू नये.” तिनं बाळाला त्या शालीत गुंडाळलं, दोन्ही कागद नीट सुरळी केले, माझे कागदाचे पैसे दिले आणि गेली.

मी पेन सरांच्या पुढं ठेवलं. सरांनी ते उचललं नाही. कंपनीचे कागद मात्र उलटे करून माझ्याकडं सरकवले. “मागची बाजू कोरी आहे. कच्च्या प्रिंटला होतील तुम्हाला.”

पुढं काय झालं ते सांगून टाकते, म्हणजे कुणाला हुरहूर नको. ‘ओळ’ला लॉक लागलं नाही. काही टायपिंगवाल्यांनी नंतर सरांना मनीऑर्डरी केल्या, हणमंतनं केली, बऱ्याच जणांनी केली नाही. बिराजदार सरांनी शेवटपर्यंत पैसे दिले नाहीत. ते प्रत्येक दिवाळीला मला साडी देत राहिले आणि मी प्रत्येक साडीच्या किमतीएवढी मनीऑर्डर नांदेडला करत राहिले. हे त्यांना अजून माहीत नाही, हा अंक वाचला तर कळेल. मग नवे कॉम्प्युटर आले, त्यावर ‘ओळ’ चालेना, आणि काही वर्षांनी सरही गेले. आता माझ्या फोनवर रोज काहीतरी फुकट येतं. घेते मी, पण त्याच्यामागं कोण बसलंय ते काही दिसत नाही, आणि मला चुटपुट लागते.

पण मला शेवट त्या दिवशीच्या बसचा करायचा आहे. मी सरांना स्टँडवर सोडायला गेले. खिडकीजवळ जागा मिळाली, बोचकं मांडीवर घेतलं. मी खाली उभी होते. गाडी सुटायच्या आधी कंडक्टर तिकिटं फाडत त्यांच्यापाशी आला. सरांनी डाव्या हातानं नोट दिली.

“वरचे पाच सुट्टे द्या काका,” कंडक्टर म्हणाला. “माझ्याकडं मोड न्हाई.”

सरांनी माझ्याकडं बघितलं. उभा जन्म पोरांना खरं बोला म्हणून सांगण्यात घालवलेला तो माणूस. उजवी मूठ दुकानापासून मिटलेली होती, ती अजून उघडली नव्हती.

“सुट्टे नाहीत हो माझ्याकडं,” सर म्हणाले.